तीन नंबरची मशीन दुपारी हळू चालायची

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. ऐकीव नाही. कुणाच्या मावसभावाच्या मित्राची नाही.

ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावी. मी वाद घालणार नाही. या गोष्टीपायी मी आयुष्यात पुरेसा वाद घातला आहे.

साल १९८७. मे महिना. जागा नागपूर, सदर. मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत एक शिंप्याचं दुकान होतं, त्याच्यावरची माडी.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

नागपूरच्या मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली त्याला वेगळं सांगायला नको. दोन वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळी दारं बंद. फक्त कूलरची घरघर. बाकी गाव जणू कुणी उचलून नेलेलं.

त्या माडीवर माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं.

आताच्या मुलांना हसू येईल. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे रबरी बटणांची एक चपटी पेटी. ती टीव्हीला जोडायची. गेम कॅसेटमधून चढवायचा. गाण्याची असते ना, तीच कॅसेट. टेप लावला की पाच मिनिटं किर्रर्र किर्रर्र आवाज. आणि शेवटच्या क्षणी अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. कूलरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडायचं आणि मशीन बसायची. उन्हाने ॲडॉप्टर तापायचा आणि मशीन बसायची. गिऱ्हाईक शिव्या द्यायचं. मी नशिबाला द्यायचो.

पण सोबत चंद्रभान होता.

चंद्रभान माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही दोघंही विणकरांच्या घरचे. माझं घर गोळीबार चौकाजवळ, त्याचं सक्करदऱ्याला. दोघांचे बाप हातमागावर बसले, आम्ही दोघंही बसलो नाही. तो रेडिओ-टीव्हीचा मेकॅनिक झाला. हात असा की बंद पडलेला रेडिओ नुसता हलवून कुठला टाका सुटलाय ते सांगायचा. माझ्या एका शब्दावर तो चांगल्या दुकानातली नोकरी सोडून माझ्या माडीवर आला होता.

हे लक्षात ठेवा. माझ्या एका शब्दावर.

आमच्याकडे दोन मशीन होत्या. तिसरी मार्चमध्ये मिळाली. धरमपेठेतल्या एका बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. परदेशातून आलेला एक माणूस घाईघाईने सगळं मोकळं करत होता. मशीन आमच्याच जातीची, जवळजवळ नवी. वर निळ्या कापडाचं, हाताने शिवलेलं झाकण. सोबत एकच कॅसेट.

त्या कॅसेटमधला गेम साधा होता. वरून गोल गोल फळं पडतात, खाली टोपली. दोन बटणांनी टोपली डावी-उजवीकडे न्यायची आणि फळं झेलायची. तीन फळं हुकली की खेळ संपला. आमचे टीव्ही काळे-पांढरे, त्यामुळे फळं कसली ते कळत नव्हतं. नागपुरात ती संत्रीच झाली. पोरं म्हणायची, "भाऊ, संत्र्याचा लावा!"

गेम इतका चालला की आम्ही त्याची कॉपी करून तिन्ही मशीनवर लावला.

एप्रिल बरा गेला.

मेच्या पहिल्या आठवड्यात रुपराव तक्रार घेऊन आला.

रुपराव आमचं रोजचं गिऱ्हाईक. चाळिशीचा, जवळच्याच कचेरीतला कारकून. जेवणाच्या सुट्टीत घरी न जाता आमच्याकडे यायचा. संत्र्याच्या गेममध्ये त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"ताराचंदभाऊ, तुमच्या तीन नंबरले झोप लागली का?" तो म्हणाला. "फळ खाली येईपर्यंत माझा च्या पिऊन होते!"

मी जाऊन पाहिलं.

खरंच. फळं तरंगत येत होती... पाण्यात बुडत जावीत तशी.

"गरम झाली असेल," मी म्हणालो. बंद करून पंधरा मिनिटं ठेवली. पुन्हा कॅसेट चढवली.

तसंच.

चार वाजता आपोआप ठीक झाली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा हळू. चार वाजता पुन्हा ठीक. तिसऱ्या दिवशी तेच.

चंद्रभान घड्याळ घेऊन बसला. एक नंबरवर फळ वरून खाली यायला चार सेकंद. दोन नंबरवर चार सेकंद.

तीन नंबरवर... अकरा.

"व्होल्टेज?" मी विचारलं.

"मीटर लावला ना. बरोबर आहे."

"मग उन्हानं?"

तो टीव्हीच्या जवळ कान नेऊन बसला. फळ टोपलीत पडलं की मशीन 'टिंग' करायची. तो ते टिंग ऐकत होता.

"ताराचंद, हे पाह्य," तो हळूच म्हणाला. "मशीन हळू चालली असती तं हा आवाज जाडा झाला असता. टेप हळू चालला की गाणं कसं जाडं होते, तसा. अन् टीव्हीवरचं चित्र फिरलं असतं. आतल्या एकाच ठोक्यावर चालते सगळं, गेम, आवाज, चित्र."

"मग?"

"आवाज बरोबर आहे. चित्र बरोबर आहे. मशीन हळू नाहीच आहे, गा."

"अरे पण फळ तर हळू पडून राहिलं ना!"

"तेच तं मले समजून नाही राहिलं."

पुढचे दहा दिवस आम्ही काय काय केलं ते आठवलं तरी अजून डोकं फिरतं.

ॲडॉप्टर बदलला. हळू. कॅसेट बदलली. हळू. टीव्ही बदलला, टेबल बदललं, कूलरपासून लांब नेली, कूलरसमोर आणली. हळू, हळू, हळू. चंद्रभानने एक नंबरचा सर्किट बोर्ड काढून तीनमध्ये घातला आणि तीनचा एकमध्ये. आता तरी दोष एक नंबरमध्ये जायला हवा होता.

एक नंबर मस्त पळाली.

तीन नंबर... अकरा सेकंद.

मग बटणांच्या खालचा पडदा बदलला. शेवटी जुन्या मशीनमधलं काही उरलं नाही. फक्त वरचं प्लॅस्टिक. आता प्लॅस्टिकमुळे कधी गेम हळू चालतो का?

आणि हे सगळं फक्त दोन ते चार. सकाळी मशीन घोड्यासारखी पळायची. उन्हाळी सुट्टीतली, दुपारी येणारी कॉलेजची पोरं, तीच आमची खरी गिऱ्हाइकं. ती दुसरीकडे जाऊ लागली. "तुमच्याकडे सगळं स्लो आहे बाप्पा" असं तोंडावर सांगून जायची.

मी घरी गेलो की मुलांवर ओरडायचो. जेवताना ताटावरून उठायचो. बायको सुमती एकदा म्हणाली, "एक मशीन बंद ठेवा ना. दोन आहेत की." तिच्यावरही ओरडलो.

मला ती मशीन चालवायचीच होती. का हळू चालते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं.

मग ते अक्षर दिसलं.

गेमच्या शेवटी रेकॉर्डचं पान यायचं. सगळ्यात जास्त गुण कुणाचे, त्याचं नाव. हे पान मशीन बंद केली की पुसलं जायचं. दर वेळी कॅसेट चढवली की कोरं.

त्या दिवशी मी स्वतः तीन नंबर बंद केली, पुन्हा चालू केली, कॅसेट चढवली. रुपरावला बसवलं. तो खेळला, हरला. रेकॉर्डचं पान आलं.

वर आधीच एक नाव होतं.

नाव नाही... एकच अक्षर. इंग्रजी वाय.

आणि समोर गुण. रुपरावच्या सगळ्यात चांगल्या डावाच्या दुप्पट.

"हे कोण आहे?" रुपराव म्हणाला. "मी येण्याच्या आधी कोणी खेळलं का?"

"कुणीच नाही. आत्ता तर चढवली तुमच्यासमोर."

रुपरावने मान हलवली. मग चंद्रभान खाली चहा आणायला गेलाय हे पाहून तो माझ्याकडे झुकला.

"एक सांगू का भाऊ? राग नका मानू. मेकॅनिक लोकायचं असंच राहते. चांगला माल काढून घेते अन् खराब बसवून देते. तुमचा माणूस रोज मशीन खोलून राहिला. आतमध्ये काय करून राहिला, तुमाले समजते का?"

मी त्याला गप्प बसवायला हवं होतं.

मी गप्प बसवलं नाही.

तो गेल्यावर मी चंद्रभानचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात कापसात गुंडाळलेल्या चार चिप होत्या. तीन नंबरच्याच. अदलाबदल करताना भागांवर नंबराची खूण केली होती, ती मी ओळखली.

चंद्रभान चहा घेऊन वर आला तेव्हा माडीवर चार-पाच पोरं खेळत होती. मी सगळ्यांसमोर त्या चिप त्याच्यापुढे धरल्या.

"हे काय आहे?"

"चिपा आहे. तपासाले काढल्या. घरी मोठा मीटर आहे, तिथं पाहणार होतो."

"मले विचारलं काहून नाही?"

"तुले कधी विचारलं आजपर्यंत?"

"तेच चुकलं माझं," मी म्हणालो. "दहा दिवस झाले मशीन खोलून राहिला. रोज हळू. आता समजलं काहून हळू ते."

पोरं खेळायची थांबली.

चंद्रभानने चहाचे ग्लास खाली ठेवले. सावकाश. एकही थेंब सांडला नाही.

"काय समजलं?"

"चोरी करून राहिला तू. मले दिसत नाही का?"

तो शब्द बाहेर पडला. पण परत घ्यायला जीभ वळली नाही.

चंद्रभानने खिसे उलटे केले. सायकलची किल्ली, रुमाल, एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. सगळं टेबलावर ठेवलं. डबा उलटा केला.

"मोज," तो म्हणाला. "काही कमी निघालं तं घरी ये."

किल्ली उचलली आणि जिना उतरून गेला.

काही कमी निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी माडीवर एकटाच होतो. मंगळवार. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. एकही गिऱ्हाईक आलं नाही. तीन नंबरवर मी ते निळं झाकण घालून ठेवलं होतं. तिच्याकडे पाहायचीही इच्छा नव्हती.

दोन वाजून गेले असतील.

वीज गेली.

कूलरचं पातं फिरत फिरत मंद झालं... थांबलं. टीव्ही विझले. आणि एकदम शांतता झाली. इतकी की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

टप.

मला वाटलं कूलरमधून पाणी ठिबकतंय.

टप... टप.

पाणी नव्हतं. रोज दहा तास ऐकलेला आवाज होता तो. रबरी बटणाचा.

कुणीतरी बटण दाबत होतं. घाई नव्हती. एक दाबलं, थांबलं. दुसरं दाबलं, थांबलं.

मी वळलो.

तीन नंबरवरचं निळं झाकण... दोन जागी आत दबत होतं. आधी डावीकडे. मग उजवीकडे. वरून कुणी बोट टेकवावं तसं. कापडावर खळी पडायची आणि निघून जायची.

मी भिंतीला पाठ टेकवली.

खोलीत वास आला. निलगिरीच्या तेलाचा. आमच्याकडे कुणी ते लावत नव्हतं.

वीज आली.

कूलर गरगरला. टीव्ही उजळले. एक नंबरचा टीव्ही कोरा, दोन नंबरचा कोरा. बरोबरच होतं. वीज गेली की गेम पुसला जातो, कॅसेट पुन्हा चढवल्याशिवाय काही दिसत नाही.

तीन नंबरच्या टीव्हीवर फळं पडत होती.

कॅसेट चढवली नव्हती. टेप तर कपाटात होता.

फळं सावकाश खाली येत होती. आणि टोपली... टोपली बरोबर त्यांच्याखाली जाऊन थांबत होती.

टिंग.

टिंग.

मी चपला न घालता जिना उतरलो. तापलेल्या डांबरावर पाय भाजले ते खाली चौकात गेल्यावर कळलं.

त्याच संध्याकाळी मी धरमपेठेला गेलो. बंगल्याला कुलूप होतं. मागच्या खोलीत एक बाई कपडे वाळत घालत होती. पन्नाशीची. मी ओळख दिली.

"ते पेटी नेणारे ना तुम्ही? टीव्हीची?" ती म्हणाली. तिचं नाव गोपिका. त्या घरी वीस वर्षं स्वयंपाक केलेली. घर विकलं जाईपर्यंत राखणीला ठेवलेली.

"ती कुणाची होती?" मी विचारलं.

"यमुताईची. आमच्या बाईची. तुमाले नाही सांगतलं त्यायच्या पोरानं?"

"तो म्हणाला घर विकतोय. बाकी काही बोलला नाही."

गोपिकाने हातातलं लुगडं दोरीवर टाकलं आणि पायरीवर बसली.

"पोरगा विलायतेहून घेऊन आला होता. दोन दिवस खेळला, ठेवून गेला. यमुताईचं वय सत्तरच्या वर. घरात एकटीच. एक दिवस जेवण झाल्यावर पेटी लावून बसली. मंग रोजचंच झालं. दोन वाजले का खेळाले बसे. मी मागं भांडे घासत राहो, अन् आतून टप टप आवाज ये."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"पण तिचे बोटं पाहिले असते तुम्ही. गाठीच गाठी. मी रोज निलगिरीचं तेल चोळून देत होती. फळं पडे धडाधड, अन् तिचा हातच पोहचे नाही. चिडे. रडे कधी कधी. म्हणे, 'गोपिका, हे मेलं जरा हळू का नाही ग येत?' पोराले पत्र लिवलं, हळू करून दे म्हणून. त्यानं लिवलं, आई, तो असाच असतो, सवय कर. इथल्या एका टीव्हीवाल्याले बलावलं. तो हसून गेला."

"मग?"

"मंग काय. फेब्रुवारीत गेली. त्याच खुर्चीवर. मी च्या घेऊन गेली तं मान खाली होती. मले वाटलं डोळा लागला."

गोपिका उठून दोरीवरचं लुगडं सारखं करू लागली.

"तिला इंग्रजी यायचं का?" मी विचारलं.

"छे जी. नावाचं एक अक्षर तेवढं शिकवलं होतं पोरानं. पहिलं."

मी तिथून सरळ सक्करदऱ्याला गेलो.

चंद्रभान अंगणात खाटेवर बसला होता. त्याची आई रुखमाबाई दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वीज, झाकण, वास, यमुताई, गोपिका. बोलताना मला धाप लागली होती.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्हणजे भूत निघालं म्हणून मी चोर नाही?" तो म्हणाला. "अन् भूत नसतं निघालं, तं चोर होतो?"

मी त्याच्या खाटेजवळ सरकलो.

"चंद्रभान, एकदा ये. डोळ्यानं पाह्य. मग जे म्हणायचं ते म्हण."

"मी नाही येत."

रुखमाबाई म्हणाली, "जा गा, पाहून ये एकदा. तुह्याही मनातलं निघून जाईन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तीन दिवस झाले, जेवता जेवता थांबते हा. आवाज जाडा काहून नाही झाला, असं एकटाच बोलते."

तीन नाही, एकच दिवस झाला होता भांडणाला. म्हणजे तो आधीपासून घरी जाऊनही तेच शोधत होता. चोर रात्रंदिवस दोष शोधत बसतो का?

शुक्रवारी तो आला. माझ्याशी बोलला नाही. पावणेदोनला घड्याळ काढून तीन नंबरसमोर बसला.

मी कॅसेट चढवली.

दोन वाजले.

"चार सेकंद," तो म्हणाला.

"थांब. आता होईल."

सव्वादोन. "चार."

अडीच. "चार."

फळं धडाधड पडत होती. टिंग टिंग टिंग. एकदाही, एका फळापुरतीसुद्धा मशीन हळू झाली नाही. वास नाही. रेकॉर्डच्या पानावर अक्षर नाही. मी बंद करून पुन्हा चढवली. चार. झाकण घालून पाहिलं, काढून पाहिलं. चार. शेवटी मेन स्विच बंद केला आणि शांत झालेल्या खोलीत आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो.

काही नाही. खाली शिंप्याची मशीन चालत होती, तेवढंच. मी स्विच लावून कॅसेट पुन्हा चढवली, तरी चारच.

सव्वातीनला चंद्रभान उठला.

"ताराचंद," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी तू मले चोर म्हणाला. तापला होता, तोंडातून निघालं, ते मी गिळलं असतं. आज तू मले येडा समजून राहिला."

"नाही गा, आईशप्पथ..."

तो जिना उतरू लागला. लाकडी जिना. एकेक पायरी वाजत गेली. शेवटची वाजली.

टिंग...

मी मागे पाहिलं.

फळ तरंगत येत होतं. पाण्यात बुडत जावं तसं. टोपली आपोआप त्याच्याखाली सरकली.

टिंग...

"चंद्रभान!" मी गॅलरीत धावलो. "चंद्रभान, वर ये! सुरू झालं! आत्ता ये!"

तो सायकलचं कुलूप काढत होता. रिकाम्या गल्लीत माझा आवाज घुमला. त्याला ऐकू गेलंच असणार. त्याने वर पाहिलं नाही. सायकलवर बसला आणि कोपऱ्यावरून वळला.

मी आत आलो. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगतो, त्या क्षणी भीती नावाला नव्हती. नुसता संताप होता. पंधरा दिवसांचा.

मी त्या टीव्हीसमोर उभा राहून ओरडलो.

"काय बिघडवलं होतं त्यानं तुमचं? एकदा, फक्त एकदा त्याच्यासमोर करायचं होतं! माझा माणूस गेला तुमच्यापायी! आता खेळा! बसा खेळत!"

टोपली मध्येच थांबली.

एक फळ बाजूने खाली गेलं. टोपली हलली नाही.

दुसरं गेलं.

तिसरं फळ फार सावकाश आलं. मी आधी पाहिलेल्या कुठल्याही फळापेक्षा सावकाश. ते खाली पोचेपर्यंत माझा राग उतरला होता. मला म्हणायचं होतं, राहू द्या आजी, खेळा.

म्हणालो नाही.

फळ खाली गेलं. खेळ संपला.

निलगिरीचा वास क्षणभर आला... आणि जिन्याच्या बाजूने निघून गेला.

त्यानंतर तीन नंबर कधीच हळू चालली नाही. एकदाही नाही. दोन वाजता, तीन वाजता, कधीही घड्याळ लावा. चार सेकंद. पोरं परत आली. रुपराव म्हणाला, "पाहा, मेकॅनिक गेला अन् मशीन सुधरली." मी त्याला त्या दिवशी हाकलून दिलं. तो पुन्हा आला नाही.

पुढच्या वर्षी दुकान बंद केलं. उमरेडच्या एकाने तिन्ही मशीन घेतल्या. त्याने तीन नंबरवर हात ठेवून विचारलं, "यात काही फॉल्ट?" मी नाही म्हणालो. तेवढा एक शब्द उच्चारायला मला बराच वेळ लागला.

लोक म्हणतात, सुटलास. ती मशीन गेली, ती म्हातारी गेली.

मला तसं वाटत नाही. चंद्रभानसमोर ती का थांबली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कधी वाटतं तिला माझं वाईटच करायचं होतं. कधी वाटतं ती त्याला घाबरली असेल. इतके दिवस तोच तर रोज मशीन उघडून 'ठीक' करायला बसत होता. तिच्या बोटांना जे झेपत होतं, तेवढंच काढून घ्यायला. आणि ज्या बाईला जिवंतपणी कुणी एवढंसं करून दिलं नाही, तिला मी ओरडून उठवलं. कुठे गेली असेल?

चंद्रभान अजून सक्करदऱ्यालाच आहे. लग्नाकार्यात भेटतो.

"काय गा, बरा आहे?" मी म्हणतो.

"बरा आहे," तो म्हणतो.

मागच्या वर्षी एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी पंगतीला बसलो होतो. मी मनाची तयारी केली, वळलो, आणि म्हणालो, "त्या दिवशी तू जिना उतरल्यावर..."

त्याने वाढप्याला हाक मारली आणि वरण मागितलं.